व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर रात्रभर ‘स्टँडबाय’वर ठेवू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरवरचा लेख वाचला. या यंत्रांसाठी मराठी वर्तमानपत्राने अर्धे पान दिले याचा मनापासून आनंद झाला. आवाजाच्या गोडव्याबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. पण ‘निगा कशी राखाल’ या चौकटीतल्या सूचना वाचून गप्प बसवेना. गाणे लावण्याआधी अर्धा तास ॲम्प स्टँडबायवर (म्हणजे व्हॉल्व्हचे हीटर चालू, पण मुख्य विद्युतदाब बंद) गरम करा, रोज ऐकत असाल तर तो बंदच करू नका, स्टँडबायवर राहू द्या, आणि तुमच्या ॲम्पला स्टँडबायचे बटण नसेल तर मेकॅनिककडून बसवून घ्या, असे त्यात म्हटले आहे. हे छापील अक्षर प्रमाण मानून कुणी खरोखर तसे केले तर नुकसान होईल, आणि आता सुटे भाग मिळवणे किती कठीण झाले आहे हे या कामातल्या माणसाला विचारा.

मी नोकरीभर मध्यमलहरींच्या ट्रान्समीटरवर काम केले. निवृत्तीनंतर मिरजेत घरीच जुने रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करतो. त्यामुळे ‘आधी गरम करा, मग दाब (म्हणजे व्होल्टेज) द्या’ या नियमाशी माझे वैर नाही. उलट तो नियम मी रोज पहाटे पाळलेला आहे. आधी ब्लोअर, मग फिलामेंट, मग ग्रिड बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारा ऋण दाब), आणि सगळे दिवे लागल्यावर शेवटी एचटी, म्हणजे मुख्य उच्च दाब. हा क्रम चुकवायचा म्हटले तरी चुकत नसे, कारण मध्ये इंटरलॉक असत. हजारो व्होल्टवर चालणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हना हे लागतेच. जुन्या ट्रान्समीटरमध्ये आणि मोठ्या यंत्रणांमध्ये पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे व्हॉल्व्ह) असत. ८६६ए हा त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला. त्याला किमान ३० सेकंद नुसते फिलामेंट द्यावे लागे. पारा पुरेसा तापून वाफ होण्याआधी एचटी दिली, तर व्हॉल्व्हच्या आतल्या आत विद्युतदाबातली घट वाढते, जड आयन कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) आदळतात आणि त्यावरचा लेप उडतो. व्हॉल्व्ह तिथेच संपला. स्टँडबाय बटणाची सगळी भीती आणि सगळा आदर या जगातून आलेला आहे.

घरातल्या ॲम्पमध्ये यातले काहीही नसते. तिथे दाब असतो तीनशे ते साडेचारशे व्होल्ट. लेप उडण्याची गोष्ट इथे लागू होत नाही, कारण एवढ्या दाबाचे क्षेत्र कॅथोडवरचा लेप ओरबाडण्याइतके जोरदार नसते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात टीव्ही संचांमध्ये बीवाय १०० हा सिलिकॉन डायोड रेक्टिफायर म्हणून सर्रास बसू लागला. त्या संचांत बटण दाबताक्षणी एचटी पूर्ण चढायची आणि व्हॉल्व्हचे हीटर मात्र अर्ध्या मिनिटाने तापायचे. दिवसातून चार वेळा टीव्ही लावला-बंद केला तरी ते व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे चालले. लेप उडत असता तर त्या काळातल्या टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांना दुसरे कामच उरले नसते.

शिवाय ज्यांनी हे ॲम्प बनवले त्यांनीच काय केले ते पाहा. इंग्लंडमधल्या लीकचा टीएल/१२ आला १९४० च्या दशकात, तिथलाच क्वाड टू १९५३ मध्ये, अमेरिकेतला डायनाकोचा स्टीरिओ ७० त्यानंतर १९५९ मध्ये. आजही जगभर ज्यांची नावे आदराने घेतली जातात असे हे ॲम्प, आणि एकालाही स्टँडबाय नाही. विसरले म्हणून नाही. क्वाड आणि डायनाको यांनी ते काम रेक्टिफायर व्हॉल्व्हवर सोपवले होते. जीझेड ३४ किंवा आपल्या रेडिओंमधला ईझेड ८१ हे असे व्हॉल्व्ह आहेत की ज्यांचा कॅथोड स्वतःच सावकाश तापतो. ॲम्प चालू करून पहिल्या कंडेन्सरवर काट्याचा मीटर लावून बघावे. दहा-बारा सेकंद काटा शून्यावरून हलत नाही. मग हळूच उठतो, रेंगाळत दोनशे, तीनशेपर्यंत चढतो, आणि तोवर आउटपुट व्हॉल्व्हही तापून प्रवाह ओढू लागलेले असतात. काटा जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबतो, त्याच्या वर उडी मारत नाही. कुणी बटण दाबायला नको, कुणी घड्याळ बघायला नको. इतकी सुरेख व्यवस्था आत असताना बाहेरून भोक पाडून बटण बसवायचे कशाला?

आता गरम करण्याबद्दल. लेखकाचे निरीक्षण खरे आहे की ॲम्प पंधरा-वीस मिनिटे चालला की आवाज ‘बसतो’. बायस स्थिरावतो, ट्रान्सफॉर्मर कोमट होतो, रेझिस्टरच्या किमती जराशा सरकून जागेवर येतात. मीही बायस मोजतो तो एवढा वेळ गेल्यावरच. पण ही उष्णता येते कुठून? ईएल ३४ च्या हीटरला साडेनऊ वॅट लागतात. त्याच्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागावर) मात्र काम चालू असताना वीस वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते, मर्यादा २५ वॅटची. स्टँडबायवर प्लेटमधून प्रवाहच वाहत नाही. म्हणजे कॅथोड तापला, बाकी सगळे गारच. अर्धा तास थांबून बटण टाकले की प्लेट, ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर यांचे तापणे तिथून पुढे सुरू होते. ज्याला आवाज बसलेला हवा त्याने ॲम्प सरळ चालू करावा आणि हळू आवाजात काहीतरी लावून ठेवावे. अर्ध्या तासाचे वाट बघणे नको, गाणे ऐकतच ॲम्प तापतो.

यापेक्षा गंभीर आहे ती रात्रभर स्टँडबायवर ठेवण्याची सूचना. कॅथोड म्हणजे निकेलची बारीक नळी, आत हीटर आणि बाहेर बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा पांढरा लेप. सातशे अंशांच्या वर तापला की हा लेप इलेक्ट्रॉन सोडतो. निकेलमध्ये किंचित सिलिकॉन असते. तापलेल्या नळीत हळूहळू सिलिकॉन आणि बेरियम यांचा संयोग होतो आणि निकेल व लेप यांच्या मधोमध बेरियम सिलिकेटचा पातळ थर धरतो. प्रवाह वाहत असला तर हा थर फारसा आडवा येत नाही. प्रवाह नसला आणि कॅथोड मात्र तासनतास तापलेलाच राहिला, तर थराचा विरोध वाढत जातो. रिकामा तवा चुलीवर विसरावा तसा हा प्रकार. व्हॉल्व्ह जळत नाही, दिसायला छान लाल दिसतो, पण त्याची ताकद जाते. गिऱ्हाईक म्हणते, ‘आवाज पूर्वीसारखा उठत नाही हो.’ टेस्टरवर लावला की कळते.

हे माझे मत नाही. व्हॉल्व्हवर चालणारे पहिले संगणक बांधणाऱ्यांनी याची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५० च्या आसपास ‘व्हर्लविंड’ संगणक उभा राहत होता, जे फॉरेस्टर त्याचे प्रमुख. संगणकात कितीतरी व्हॉल्व्ह हीटर चालू पण प्रवाह बंद अशा अवस्थेत दीर्घकाळ राहतात, आणि प्रवाह हवा तेव्हा ते देईनात. शोध घेता घेता बोट निकेलमधल्या सिलिकॉनवर गेले. पुढे संगणकांसाठी सिलिकॉन जवळजवळ काढून टाकलेल्या निकेलचे खास व्हॉल्व्ह बनू लागले. आपल्या ॲम्पमधला साधा ईसीसी ८३ किंवा ईएल ८४ तसा नव्हे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला १९६० च्या दशकात बनवलेले व्हॉल्व्ह मी अजून जपून वापरतो. उत्तम माल आहे. पण तेही रेडिओ-ॲम्पसाठीचेच.

कुणी म्हणेल, इंग्लंडच्या टॉमी फ्लॉवर्सनी तर सांगितले होते की व्हॉल्व्ह कधी बंदच करू नका. खरे आहे. १९४३-४४ मध्ये त्यांनी ‘कोलोसस’ हे संगणक बांधले, त्यात पहिल्याच यंत्रात दीड हजारावर व्हॉल्व्ह होते. पुढे अमेरिकेच्या ‘एनिॲक’ संगणकात सतरा हजारांवर होते आणि तिथेही असेच दिसले की बरेचसे व्हॉल्व्ह चालू-बंद करतानाच जातात. गार फिलामेंटचा विरोध कमी असतो, चालू करताना प्रवाहाचा झटका बसतो. हजारो व्हॉल्व्हचा संसार असला तर रोज त्यातले चार-दोन जाणारच, आणि एक गेला तरी यंत्र अडते. म्हणून ते अखंड चालू ठेवायचे. घरच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह सहा-सात, दिवसातून एकदा चालू, एकदा बंद. त्या झटक्याने व्हॉल्व्ह जाण्याची शक्यता फार थोडी. त्याच्या भीतीने दिवसाचे वीस-बावीस तास हीटर जाळत ठेवले तर व्हॉल्व्हचे आयुष्य न ऐकलेल्या गाण्यांवर खर्च होते. विजेचाही हिशेब करा. लीकच्या स्टीरिओ २० मध्ये चार ईएल ८४, तीन ईसीसी ८३ आणि एक जीझेड ३४. हीटरचे मिळून ३४ वॅट होतात. महिनाभर चालू राहिले तर सुमारे २४ युनिट, आणि हे गाण्याची एकही ओळ न ऐकता.

बटण बसवून घेण्याचा प्रकार काय करतो ते मी याच वर्षी माझ्या टेबलावर पाहिले. सांगलीचे एक गृहस्थ आपला ॲम्प घेऊन आले. वडिलांच्या काळचा, इकडच्याच कारागिराने पत्र्याची चॅसी ठोकून बांधलेला, दोन ईएल ३४, एक जीझेड ३४, ३५०-०-३५० चा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळणीकडे बघूनच बांधणाऱ्याचा हात कळत होता. एका दुकानात त्यांनी तो सर्व्हिसिंगला दिला होता. जीझेड ३४ मिळत नाही म्हणून तिथे दोन बीवाय १२७ डायोड ठोकून दिले, आणि डायोड टाकला म्हणून त्याला स्टँडबाय हवा असे सांगून पुढच्या पट्टीला भोक पाडून घरगुती दिव्याच्या बटणासारखे टॉगल बसवले. बटण टाकले होते पहिल्या कंडेन्सरनंतर, म्हणजे बटण बंद असले तरी त्या कंडेन्सरला दाब मिळतच राहायचा.

हे गणित कुणालाही करता येईल. ३५० व्होल्ट एसी डायोडने सरळ केले आणि पुढे कुणी प्रवाह ओढत नसला तर कंडेन्सर शिखरापर्यंत भरतो, म्हणजे ३५० गुणिले १.४१४, जवळपास ४९५ व्होल्ट. रात्री उशिरा आमच्याकडे लाइन २४५ पर्यंत चढते, तेव्हा हाच आकडा सव्वापाचशेच्या वर जातो. कंडेन्सरवर छापले होते ४५०. मूळ रचनेत तो सुखात होता, कारण आउटपुट व्हॉल्व्ह प्रवाह ओढत असताना तिथे ४२० च्या आसपास दाब असे. स्टँडबायवर टाकले की ओढणारे कुणी नाही, दाब शिखरावर जाऊन बसतो आणि बटण परत टाकेपर्यंत तिथेच राहतो. जीझेड ३४ असता तरी अशा जागी बसवलेल्या बटणाने हेच झाले असते, फक्त पंधरा सेकंद उशिरा. त्या गृहस्थांनी भक्तिभावाने रोज तासभर ‘गरम’ केला. कंडेन्सरचे डोके फुगून घुमटासारखे झाले होते, बुडाशी तपकिरी चिकट पाझर, आणि झाकण उघडताच तो ओळखीचा माशासारखा वास. टॉगल उघडून पाहिले तर आतले संपर्क काळेठिक्कर. अशी बटणे २५० व्होल्ट एसीसाठी असतात. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. चारशे व्होल्ट डीसीची ठिणगी तशी विझत नाही, ती संपर्क खात बसते.

डायोड काढून जुना पण टेस्टरवर चांगला उतरलेला जीझेड ३४ बसवला, कंडेन्सर ५०० व्होल्टचे टाकले, बटणाच्या तारा काढून सरळ जोड दिला. भोक तेवढे राहिले. ॲम्प आता गातो आहे.

ज्यांच्या ॲम्पमध्ये डायोड आधीच बसले आहेत आणि व्हॉल्व्ह रेक्टिफायर मिळत नाही, त्यांनी कंडेन्सर वाढीव दाबाचे घ्यावेत आणि मेन्सच्या बाजूला एक एनटीसी थर्मिस्टर (गार असताना प्रवाहाचा झटका अडवणारा रेझिस्टर) टाकून घ्यावा. बटण मुळातच असेल आणि पट्टी बिघडवायची नसेल तर ते ‘चालू’ बाजूला ठेवून विसरून जावे. बटण रेक्टिफायर आणि पहिला कंडेन्सर यांच्या मध्ये असेल तर विशेष जपावे. तापलेल्या रेक्टिफायरला रिकामा कंडेन्सर अचानक जोडला की झटका व्हॉल्व्हला बसतो, आत निळी ठिणगी उडते. जीझेड ३४ ला साठ मायक्रोफॅरडच्या वर कंडेन्सर लावू नये ही मर्यादाही अशाच झटक्यांसाठी घातलेली आहे. ‘जास्त घातला की हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी होतो’ म्हणून शंभर-दोनशे घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्टँडबायचा खरा उपयोग आहे तो स्टेजवर. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या गिटार ॲम्पना तो होता, लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या बासमन ॲम्पवरून आपला पहिला ॲम्प बेतला तेव्हा तोही आला. दोन गाण्यांच्या मध्ये, तार बदलताना, दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत ॲम्प मुका हवा आणि परत आल्यावर लगेच बोलता हवा. एवढ्या वेळात कॅथोडला काही होत नाही. गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या बँडवाल्यांनी ते बटण खुशाल वापरावे. बटणाच्या दोन टोकांवर ४७ किलोओहमचा १० वॅटचा रेझिस्टर टाकला तर स्टँडबायवरही थोडा प्रवाह वाहता राहतो, कॅथोड रिकामा तापत नाही आणि बटण टाकताना स्पीकरमध्ये धप्प आवाजही येत नाही. बैठकीत रेकॉर्ड ऐकणाऱ्याला मात्र या सगळ्याची गरज नाही. बटण दाबावे, अर्धे मिनिट थांबावे, ऐकावे. संपले की पूर्ण बंद करावे. स्पीकर न जोडता मात्र ॲम्प कधीही चालवू नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो मिळत नाही.

त्या चौकटीत ज्याबद्दल सर्वांत आधी लिहायला हवे होते त्याचा उल्लेखच नाही, आणि तो म्हणजे वर्षानुवर्षे पडून राहिलेला ॲम्प. माळ्यावरून काढला, धूळ पुसली, प्लग घातला, असे करायचे नाही. न वापरल्याने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि एकदम पूर्ण दाब आला की गळती होऊन तो तापतो, फुटतो. आधी मेकॅनिककडून कंडेन्सर तपासून घ्या. चांगला मेकॅनिक रेक्टिफायर काढून बाहेरून रेझिस्टरमधून थोडा थोडा दाब देईल, किंवा सरळ नवे टाकेल. मग सिरीज बोर्डवर ६० वॅटचा बल्ब लावून किंवा डिमरस्टॅटने (मेन्सचा दाब हळूहळू वाढवणाऱ्या यंत्राने) ॲम्प जागा करेल. बल्ब लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर मीटर. ईएल ८४ सारख्या, कॅथोड रेझिस्टरवर बायस घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्य दिसायला हवे. तिथे दोन-चार व्होल्ट धन दिसले तर आधीच्या टप्प्यातून ग्रिडकडे येणारा कागदी कंडेन्सर गळतो आहे, आणि थोड्याच वेळात प्लेट लालबुंद होणार. हा वीस-तीस रुपयांचा कंडेन्सर हजारो रुपयांचा व्हॉल्व्ह खातो. मागच्या बाजूची व्होल्टेजची पट्टीही बघावी. परदेशातून आलेले कित्येक ॲम्प २१० किंवा २२० वर लावलेले असतात, ते २४० वर घ्यावेत. आणि ज्याला यातले काही कळत नाही त्याने तळ उघडू नये. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट शिल्लक असू शकतात, त्यांनी माणूस दगावतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळे उघडले जातील, तेव्हा असे कितीतरी ॲम्प खाली येतील, आणि पुरवणीचे ते कात्रण जपून ठेवलेली माणसे ते चालू करायला बसतील. म्हणून विनंती आहे की याच पुरवणीत, त्याच जागी, चौकटीतल्या सूचनांची दुरुस्ती दिवाळीआधी छापावी. पूर्ण पत्राला जागा नसेल तर ग्रिडचा आणि पडून राहिलेल्या ॲम्पचा परिच्छेद तरी वगळू नये.

आपला,
एक निवृत्त ट्रान्समीटर तंत्रज्ञ, मिरज